वहीतला संसार

तापी नदी खान्देशातून वाहत येऊन सुरतेजवळ समुद्राला मिळते, आणि तिच्याच खोऱ्यातून जळगाव, धुळे, नंदुरबारकडील माणसे पोटापाण्यासाठी सुरतेत आली. उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या लोहमार्गाने ही वाट सोपी केली. लिंबायत, उधना, डिंडोली, नवागाम या वस्त्यांत आज मराठी आणि अहिराणी बोल सहज कानी पडतात, त्यामागे अनेक कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्यांचे कष्ट उभे आहेत. पुरुष मागावर, रंगखात्यात आणि कापडबाजारात राबले. त्यांच्या कष्टांची काही ना काही नोंद कारखान्याच्या हजेरीपटावर आणि पगाराच्या पुस्तकात झाली. घर सांभाळणाऱ्या, भाकरी थापणाऱ्या, साड्यांवर टिकल्या लावणाऱ्या आणि उरल्या वेळात गोधडी शिवणाऱ्या आपल्या माता-भगिनींच्या विद्येची नोंद मात्र कोठेही झालेली नाही.

विद्या हा शब्द येथे जाणूनबुजून वापरला आहे. चुलीवर खापर तापले की नाही हे नुसता हात जवळ नेऊन ओळखणे, वाळवणाला ऊन पुरेसे आहे का हे सकाळीच सांगणे, चिंध्यांच्या ढिगातून गोधडीचा मेळ जमविणे, या गोष्टी वर्षानुवर्षांच्या सरावानेच साधतात. गावाकडे ही विद्या वाड्यात, ओट्यावर, शेजारणींच्या संगतीत आपोआप मुलींच्या हाती येई. लिंबायतच्या एका-दोन खोल्यांच्या घरात, जेथे मुलगी शाळेत, शिकवणीत किंवा कामावर आणि आई गाठोड्यातल्या साड्या पुऱ्या करण्याच्या घाईत असते, तेथे तसे घडण्यास अवकाश उरलेला नाही. म्हणूनच प्रत्येक घरी एक वही असावी, आणि तिच्यात घरचा स्वयंपाक, घरचे हातकाम आणि त्या दोहोंचा हिशेब लिहिला जावा, असा विचार या लेखातून वाचकांपुढे ठेवीत आहोत. वही कशी लिहावी, यासंबंधी काही व्यवहार्य सूचनाही करावयाच्या आहेत.

लिहून ठेवणाऱ्यांची परंपरा

घरचे ज्ञान कागदावर उतरविण्याची प्रथा मराठीत नवी नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली छापून निघाले. मराठीतील पहिल्या छापील पाकशास्त्राचा मान त्याला दिला जातो. पुढे लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ या ग्रंथाने कित्येक घरांत स्थान मिळविले. १९७० साली कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ प्रसिद्ध झाली. वाटी आणि चमचा या प्रत्येक घरात असणाऱ्या साधनांनी तिने मापे सांगितली, आणि सासूविना संसार मांडणाऱ्या नव्या गृहिणींना तिचा केवढा आधार वाटला, हे त्या पिढीतील कोणीही सांगेल.

परंतु या मोठ्या पुस्तकांत सर्वांची स्वयंपाकघरे आली नाहीत. लिहिता-वाचता येणाऱ्या घरांतील पदार्थ तेवढे छापले गेले. कष्टकऱ्यांच्या ताटातले पुष्कळसे बाहेरच राहिले. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ सालच्या पुस्तकात मराठवाड्यातील दलित समाजाच्या अन्नाची हकीकत मांडली आणि ही उणीव मराठी वाचकांच्या ध्यानात आणून दिली. ज्यांच्या घरचे कोणी लिहीत नाही, त्यांनी ते स्वतः लिहावे, हाच त्यातून घ्यावयाचा बोध आहे.

आपल्या खान्देशचे उदाहरण तर याहून जवळचे आहे. जळगावनजीक आसोद्यास १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. घरकाम आणि शेतकाम करता करता त्या ओव्या रचीत. त्यांचे पुत्र सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी त्यांतील काही ऐकून उतरवून घेतल्या. १९५१ साली बहिणाबाई निवर्तल्या, त्यानंतर सोपानदेवांनी त्या आचार्य अत्रे यांना दाखविल्या आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ महाराष्ट्रापुढे आली. घरात कोणी वही उघडून बसले, म्हणून ते धन वाचले. जे कोणी उतरवून घेतले नाही, ते त्यांच्याबरोबरच गेले. प्रत्येक घरात कवयित्री नसेल, पण उतरवून घेण्याजोगे काहीतरी जाणणारी आई, आजी किंवा आत्या बहुतेक घरांत असतेच.

अंदाज मापात कसा आणावा

“पाणी किती घालू?” असे मुलीने विचारले की, “अंदाजाने घाल,” हे उत्तर ठरलेले. यात आईचा आडमुठेपणा नसतो. तिच्या हाताला जे ठाऊक असते, ते शब्दांत सांगण्याची वेळ तिच्यावर कधी आलेलीच नसते. तेव्हा तिला प्रश्न विचारून भागत नाही; तिचा हात पाहावा लागतो. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. आईने मुठीत घेतलेले मीठ, तिखट वा पीठ भांड्यात पडण्यापूर्वी वाटीत किंवा चमच्यात टाकून घ्यावे, मोजावे आणि मग भांड्यात घालावे. पाण्याचे तसेच: लागेल म्हणून जे पाणी घ्यावयाचे, ते आधी मोजून तांब्यात भरावे आणि शेवटी तांब्यात किती उरले, ते पाहावे. दोहोंतील फरक हेच माप. पिठाचा डबा तराजूवर आधी व नंतर ठेवला, तरी हेच साधते. आईच्या कामात खंड पडत नाही आणि तिचा अंदाज अंकांत उतरतो.

एकदा पाहून मात्र लिहू नये. तोच पदार्थ निदान तीन वेळा पाहावा. तिन्ही वेळा जे सारखे येईल, तो त्या पदार्थाचा पाया समजावा. जे बदलेल, ते का बदलले हे विचारावे. त्या “का” मध्येच खरी विद्या असते. नवी ज्वारी आणि जुनी ज्वारी यांना पाणी कमी-अधिक लागते, पावसाळ्यात पीठ ओलावा धरते, मिरचीचा तिखटपणा दर खेपेस निराळा असतो, ही माहिती मापापेक्षाही मोलाची आहे.

आणखी एक पथ्य पाळावे. भांड्याचे वर्णन अवश्य लिहावे. पसरट कढईत जे पाणी दहा मिनिटांत आटते, ते उभ्या पातेल्यात तेवढ्या वेळात आटत नाही. त्याचप्रमाणे घड्याळातील वेळेबरोबर डोळ्यांची, कानांची आणि नाकाची खूण नोंदवावी: तेल कडेने सुटले, फोडणीतील लसूण बदामी झाला, आमटीचा कच्चा वास गेला. घरोघरी आच सारखी नसते. खुणा मात्र कोणत्याही शेगडीवर उपयोगी पडतात.

भरीत आणि कळण्याची भाकरी

एक उदाहरण घेऊन पाहू. जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक निर्देशांकाचे मानांकन मिळाले. ते वांगे मोठे, हिरवट, तुकतुकीत आणि थोड्या बियांचे असते. गावाकडे ते पऱ्हाटीच्या किंवा तुरीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर भाजतात, मग लाकडी बडगीत घालून मुसळीने ठेचतात. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, सुके खोबरे, कांद्याची पात, कोथिंबीर अशी त्याची जोड असते.

आता हे भरीत लिंबायतच्या तिसऱ्या मजल्यावर करावयाचे, तेव्हा पऱ्हाटी कोठून आणणार? येथेच वहीचे काम सुरू होते. आपल्या कितीतरी गृहिणींनी गॅसच्या शेगडीवर भरीत साधण्याच्या आपापल्या रीती शोधल्या आहेत. वांग्याला तेलाचा हात लावून, सुरीने दोन-चार ठिकाणी टोचून मध्यम आचेवर फिरवत भाजावे. टोचले नाही, तर आतली वाफ कोंडून वांगे फुटण्याची भीती असते. साल सर्व बाजूंनी काळी पडून देठाजवळचा भाग दाबताच बोट आत गेले, म्हणजे ते झाले. मग पाच-दहा मिनिटे झाकून ठेवावे. वाफेने साल सैल होऊन सहज निघते. सोललेला गर पाण्याखाली धुऊ नये, कारण भाजल्याचा स्वाद त्या पाण्याबरोबर निघून जातो. बडगी नसेल तर जड बुडाच्या पातेल्यात रवीने किंवा वाटीच्या बुडाने ठेचावे. यंत्रात वाटल्यास गराचे धागे तुटून त्याचा लगदा होतो आणि भरीताची भरड गोडी उरत नाही.

भरीताच्या सोबतीला कळण्याची भाकरी हवी. ज्वारी आणि सालीसकट उडीद मीठ घालून एकत्र दळले की कळणा तयार होतो, एवढे सर्वांना ठाऊक आहे. पण ज्वारीला उडीद किती, याचे उत्तर घराघरांत निराळे मिळेल. कोणी बाजरीही मिसळते. ही भिन्नता चूक समजून पुसू नये. “आमच्या घरी असे करतात” हेच वहीचे शीर्षक असावे. छापील पुस्तक सर्वांसाठी एक प्रमाण सांगते. घरची वही आपल्या घरचे प्रमाण जपते, आणि ते दुसऱ्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नसते.

लेखणी जेथे थांबते

काही गोष्टी शब्दांच्या आटोक्यात येत नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. खापरावरच्या मांड्याचे उदाहरण घ्या. पुरण भरलेला सैल गोळा दोन्ही हातांवर झेलत, मनगटे फिरवत मोठा करीत न्यावयाचा आणि पालथ्या खापरावर अलगद पसरावयाचा, हे वाक्य वाचून आजवर कोणाला मांडा आला नसेल. येथे मोबाइल फोनचा सदुपयोग करावा. आई वा आजी काम करीत असता तिच्या हातांचे चित्रण बाजूने आणि जमल्यास तिच्या खांद्यामागून करावे. समोरून केलेल्या चित्रणात उजवा-डावा हात उलटा भासतो आणि शिकणारी गोंधळते. पाहुण्यांना दाखविण्यासाठी सजवून केलेल्या चित्रणापेक्षा रोजच्या प्रकाशातले, थोडे लांबलेले, अधूनमधून गप्पा असलेले चित्रण अधिक शिकविते. हात का थांबला, पीठ पुन्हा का मळले, हे त्या गप्पांतूनच कळते.

वाळवणांची गोष्ट थोडी निराळी आहे. ज्वारी भिजवून, वाळवून, भरड दळून, तीळ-लसूण-मिरची घालून शिजविलेल्या गरम उकडीच्या बिबड्या ओल्या फडक्यावर थापून उन्हात वाळवावयाच्या, यात कृतीइतकेच हवामानाला महत्त्व आहे. गावाकडचे कोरडे, कडक ऊन आणि सुरतेची खाऱ्या वाऱ्यांची दमट हवा यांत अंतर आहे. म्हणून वाळवणाच्या पानावर तारीख, उन्हाचे दिवस, गच्चीवर की खिडकीत, किती दिवसांत कडक झाले आणि पावसाळ्यात टिकले की नाही, एवढे लिहावे. तीन वर्षांच्या अशा नोंदी जमल्या, म्हणजे सुरतेत बिबड्या कधी घालाव्यात हे तुमच्या घराला कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक नेमके कळेल.

सणांची पाने

वहीत सणांसाठी वेगळी पाने राखावीत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसणारी कानबाई खान्देशी माणसाबरोबर सुरतेतही आली. तिच्या रोटांसाठी घरातील पुरुषांच्या संख्येप्रमाणे सव्वा मूठ गहू घेण्याची चाल अनेक घरांत आहे. रोट, पुरण, कटाची आमटी, खीर, गंगाफळाची भाजी यांचा क्रम, दळणाचे नियम आणि ते पाळण्यामागची घराची समजूत, हे सारे मोठ्या माणसांना विचारून लिहावे. आखाजीला माहेरी आलेल्या लेकींचे झोके आणि भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईच्या खाऊची ओळखाओळख, हेही त्याच पानांत यावे. जाता जाता एक सुचवावेसे वाटते. रोटाचा गहू भले पुरुषांच्या मोजणीने घेतला जावो; वहीच्या पानावर मात्र तो निवडणाऱ्या, दळणाऱ्या आणि रांधणाऱ्या स्त्रियांची नावे लिहावीत.

सुरतेत राहून आपली चूल केवळ जुनी राहिलेली नाही. ती वाढली आहे. थंडीत सुरतकर ज्या कोवळ्या ज्वारीचा पोंक आवडीने खातात, तो आपल्या हुरड्याचाच भाऊ आहे. कोजागिरीला भुलाबाईची सांगता होते, आणि दुसऱ्याच दिवशी चांदणी पडव्याला सारी सुरत घारी खाते; आपल्या मुलांना दोन्ही दिवस सारखेच प्रिय असतात. शेजारच्या गुजराती बहेनकडून शिकलेले उंधियू आणि तिला आपण शिकविलेली शेवभाजी यांनाही वहीत जागा द्यावी. कोणाकडून शिकलो, त्यांचे नाव पदार्थाखाली लिहिणे हे ऋण मानण्याचे सर्वांत साधे रूप होय.

गोधडी : कपड्यांचे कुलवृत्त

हातकामात प्रथम गोधडीचा विचार करू. सुरत हे कापडाचे शहर, तेव्हा चिंध्यांना तोटा नाही. पण येथे बहुतांशी कृत्रिम धाग्याचे कापड निघते, आणि गोधडीसाठी ते जसेच्या तसे सोयीचे नसते. ते घाम शोषत नाही, शिवताना एकमेकांवरून घसरते आणि त्याच्या कापलेल्या कडा उसवत जातात. म्हणून आतल्या थरांत जुनी सुती लुगडी, धोतरे, चादरी घालाव्यात. अंगाला लागणारी बाजू सुतीच ठेवावी आणि झगझगीत तुकडे वरच्या बाजूस नक्षीपुरते वापरावेत. तुकड्यांच्या कडा आत दुमडूनच टाका घालावा. सर्व थर जमिनीवर ताणून पसरावेत, आधी लांब कच्च्या टाक्यांनी बांधून घ्यावेत आणि मग धावदोऱ्याच्या ओळी घालाव्यात. नाहीतर मध्ये फुगवटा येतो. नव्या सुती कापडाचा तुकडा असेल, तर तो आधी धुऊन आकसू द्यावा.

एवढे तंत्र झाले. वहीत त्याहून महत्त्वाची एक नोंद करावी: कोणता तुकडा कोणाचा. हा आजीच्या लुगड्याचा काठ, हे धाकट्याचे पहिले झबले, ही मामाच्या लग्नातली साडी. गोधडी हे घराचे कुलवृत्तच असते. परंतु ते वाचता येणारी माणसे हयात असतात तोवरच. गोधडीचे एक छायाचित्र वहीत चिकटवून त्यावर तुकड्यांना क्रमांक द्यावेत आणि खाली नावे लिहावीत. अर्ध्या तासाचे काम आहे, पण तुमच्या नातवंडांना ते फार मोठे देणे ठरेल. रुखवतातील मण्यांची तोरणे, क्रोशाचे रुमाल यांचेही असेच करावे. नमुन्याचा एक लहान तुकडा विणून पानाला टाचला, तर शंभर शब्दांचे काम होते.

हिशेबाचे पान

आता त्या हातकामाकडे वळू, ज्याला आपण घरी “काम” म्हणतो आणि बाहेरचे जग पुष्कळदा कामच मानीत नाही. बाजारातून साड्यांची गाठोडी वस्तीत येतात. टिकल्या आणि खडे चिकटविणे, लेसपट्टी लावणे, लोंबते धागे कापणे, फॉल-पिको करणे ही कामे घरोघरी चालतात आणि नगावर पैसे मिळतात. सुरतेच्या जरीकामाला २०१० साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, शहराच्या कापडाचे नाव दूरवर झाले. त्या झगमगाटातला पुष्कळसा भाग अशा घरांतल्या जमिनीवर बसलेल्या हातांनी घडविलेला आहे.

या कामाचा हिशेब बहुतेक भगिनी तोंडी ठेवतात. तो लिहावा. तारीख, कोणाकडून माल आला, किती नग, नगाचा दर, माल परत केल्याची तारीख, मिळालेले पैसे, बाकी आणि कापून घेतलेले पैसे, अशा रकाने आखून नोंदी कराव्यात. त्यांत आणखी दोन रकाने वाढवावेत, जे सहसा कोणी ठेवीत नाही: लागलेला वेळ आणि स्वतःचा खर्च. केवळ रीत कळावी म्हणून कल्पित आकडे घेऊ. २४ साड्या, प्रत्येकी ५ रुपये, म्हणजे १२० रुपये झाले. सुई, दोरा, वीज यांना १२ रुपये गेले, उरले १०८. एका साडीला २० मिनिटे, म्हणजे २४ साड्यांना ८ तास. तासाला साडेतेरा रुपये पडले. शाळेतून आलेल्या मुलीने त्याखेरीज २ तास मदत केली असेल, तर १० तासांनी भागावे लागेल आणि तासाचे १० रुपये ८० पैसेच हाती येतील. दर ठरविताना “परवडत नाही” असे नुसते म्हणण्यापेक्षा हे पान पुढे ठेवणे निराळे. बाकीबद्दल वाद झाला, तरी तारखेसह लिहिलेल्या नोंदीला वजन असते. वस्तीतील पाच-दहा घरांच्या वह्या एकत्र पाहिल्या, तर कोणते काम घ्यावे आणि कोणते नाकारावे, हेही समजू लागते.

घरी बसून होणारे काम हेही काम आहे, हे जगाला पटवून देण्यात सुरतेशी निकटचा संबंध असलेल्या एका स्त्रीचा मोठा वाटा आहे. इला भट्ट यांचे बालपण आणि शिक्षण सुरतेत झाले. १९७२ साली त्यांनी अहमदाबादेत ‘सेवा’ ही स्वाश्रयी स्त्रियांची संघटना उभी केली. घरकामगारांविषयीचा १७७ क्रमांकाचा करार आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली स्वीकारला, त्यामागील प्रयत्नांतही ‘सेवा’ अग्रभागी होती. भारत सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू केलेल्या ई-श्रम नोंदणीत घरून काम करणाऱ्यांनाही स्थान आहे. अशा नोंदणीत आपला व्यवसाय सांगताना “काही नाही, घरीच असते” असे आपल्या भगिनींनी म्हणू नये. वहीतले हिशेबाचे पान त्यांना योग्य उत्तर शिकवील.

प्रकृतीच्याही दोन गोष्टी येथेच सांगतो. टिकल्यांच्या चिकट द्रव्याचा वास कोंडू नये, म्हणून खिडकी उघडी ठेवून बसावे. लहान मुले आणि शिजविलेले अन्न त्यापासून दूर असावे. आणि दर तासाला पाच मिनिटे उठून दूरवर नजर टाकावी. डोळे आणि पाठ ही या धंद्यातली खरी भांडवले आहेत.

घरच्या चवीचा व्यवसाय

काही भगिनी बिबड्या, कुरडया, मसाला किंवा पोळीभाजी विकून संसाराला हातभार लावतात. त्यांनी लिज्जत पापडाची कथा आठवावी. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात गुजराती स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास प्रारंभ केला. मराठी शहरात आलेल्या गुजराती गृहिणींनी आपल्या घरच्या विद्येवर ही संस्था उभारली, आणि पुढे सुरतेहून फार दूर नसलेल्या वालोडलाही तिची शाखा निघाली. गुजराती शहरात आलेल्या मराठी गृहिणींना तसे का साधू नये? मात्र त्यासाठी प्रत्येक खेपेस माल एकाच चवीचा निघाला पाहिजे. दहा जणींनी दहा अंदाजांनी केलेल्या बिबड्यांना गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येणार नाही. येथे वहीतील मोजलेले प्रमाण कामी येते. किंमत ठरविताना धान्य, इंधन, वेष्टन आणि स्वतःचे तास, हे चारही धरावेत. शेवटचे धरले नाही, तर तो धंदा होत नाही, फुकटची मजुरी होते. अन्नपदार्थ विकणाऱ्या लहान घरगुती उद्योगालाही अन्नसुरक्षेच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी करावी लागते, हे ध्यानात असू द्यावे.

वहीची भाषा, वहीचे रक्षण

आपले शुद्धलेखन चांगले नाही, म्हणून पुष्कळ जणी लेखणी हाती धरावयास कचरतात. ही भीती अनाठायी आहे. घरची वही परीक्षकासाठी लिहावयाची नसते. आई ज्या बोलीत सांगेल, त्या बोलीतच लिहावे, मग ती अहिराणी असो, लेवा बोली असो वा गुजरातीचा रंग चढलेली सुरती मराठी असो. भांड्यांची, धान्यांची आणि कृतींची बोलीतली नावे बदलून पुस्तकी करू नयेत. पदार्थाइतकाच तो शब्दही जपण्यासारखा आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली, ती घरातल्या साध्या बोलण्याच्या भाषेत. म्हणूनच ती आजही ताजी वाटतात. ज्या मातांना लिहिता येत नाही, त्यांनी सांगावे आणि मुलांनी लिहावे. मुले गुजराती माध्यमात शिकत असतील आणि देवनागरीचा सराव त्यांना कमी असेल, तर या निमित्ताने तोही होईल. हे काम मुलींवरच सोपवू नये. आईच्या ओव्या उतरवून घेणारे सोपानदेव पुत्रच होते.

वही जाड पुठ्ठ्याची, शिवलेली असावी. सुटी पाने हरवतात. डाव्या पानावर कृती लिहून उजवे पान पुढील सुधारणांसाठी कोरे ठेवावे. फसलेला प्रयोगही तारखेसह लिहावा. आठवड्यातून एकच पान लिहिले, तरी वर्षात पन्नास पाने होतात. प्रत्येक पानाचे छायाचित्र मोबाइलमध्ये घेऊन गावाकडच्या एखाद्या आप्ताकडेही पाठवावे. ऑगस्ट २००६ च्या महापुरात सुरतेचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला होता. मिठी खाडीकाठच्या घरांना तर पावसाळ्यातल्या पाण्याचा धाक निराळा सांगावयास नको. भांडी पुन्हा घेता येतात, कागद परत मिळत नाहीत.

ज्या घरात आज सत्तरी ओलांडलेली आई किंवा आजी आहे, त्या घराला उद्यापर्यंत थांबण्यास सवड नाही. तिला आधी मोठा पदार्थ विचारू नये. तिच्या रोजच्या आमटीपासून आरंभ करावा, कारण रोजचे तेच लिहावयाचे राहून जाते. वहीच्या पहिल्या पानावर तिचे संपूर्ण नाव, तिच्या माहेरचे गाव आणि ती सुरतेस आली ते वर्ष लिहावे. दुसऱ्या पानापासून तिने सांगावे आणि आपण लिहीत जावे.